फायबरच्या पोटातलं लाकूड

फायबरची बोट कुजत नाही, असा आपला सर्वांचा समज आहे. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फायबरला यातलं काहीच होत नाही, म्हणून तर ते घ्यायचं. हा समज चुकीचा नाही, पण अर्धा आहे. काचेचे तंतू आणि रेझिन यांची मिळून जी कातडी होते ती खरोखर कुजत नाही. मात्र जुन्या बहुतेक फायबर बोटींच्या पोटात लाकूड असतं. मागच्या बाजूला, जिथे इंजिन टांगतात, त्या आडव्या भिंतीच्या आत प्लायवूडची जाड फळी असते. तिला ट्रान्सम म्हणतात. तळाशी, मागून पुढे, लांबच लांब लाकडी दांडे बसवलेले असतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. बोटीची सगळी ताकद या दोन ठिकाणी असते आणि बोट मरते तीही इथूनच. बाहेरून रंग चकाकत असतो आणि आतलं लाकूड हाताने चुरगळावं इतकं भुसभुशीत झालेलं असतं.

भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने बोटींबद्दल बोलावं, याचं कोणाला नवल वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही. पण पाणी आहे, आणि ते पुष्कळ आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाटहून खाली येते आणि आमच्या जिल्ह्याच्या अंगाखांद्यावरून पुढे चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते. शिवाय तलाव. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी बांधलेले हे तलाव इंग्रजी अमदानीत मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणून आजही त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत नवेगावबांधचा तलावसुद्धा आमच्याच जिल्ह्यात मोजला जायचा. जिथे इतकं पाणी, तिथे मासे, शिंगाडे, आणि ते काढणारा ढिवर समाज आलाच. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ढिवरांच्या मासेमारीबरोबर त्यांच्या शिंगाड्याच्या शेतीची नोंद आहे.

या माणसांचं वाहन म्हणजे डोंगा. एका जाड खोडाला आतून कोरायचं, बस. खिळा नाही, जोड नाही, सांधा नाही. दोन डोंगे शेजारीशेजारी बांधले की त्यांच्यावरून चार माणसं, दोन पोती पलीकडे नेता येत. डोंग्याला मागे सपाट उभी फळी नसते, कारण तिची गरजच नसते. तो बांबूने रेटायचा किंवा वल्ह्याने मारायचा. जोर माणसाच्या दंडातून येतो आणि डोंगा चालतो. ट्रान्सम नावाचं दुखणं डोंग्याला ठाऊक नव्हतं. ते इंजिनाबरोबर आलं.

डोंगाही कुजायचा. पण त्याचं कुजणं उघड्यावर होतं. फट पडली की आत पाणी दिसे आणि त्याच दिवशी कळे. मग फटीत चिंध्या कोंबायच्या, वरून डांबर ओतायचं, फारच झालं तर पत्र्याची पट्टी ठोकायची. हे काम मी लहानपणी तलावाच्या पाळीवर पुष्कळदा पाहिलं आहे. त्यासाठी वेगळा कारागीर लागत नसे. ज्याचा डोंगा तोच त्याचा वैद्य.

खोडातून कोरलेल्या होड्यांची आणखी एक रीत जगभर सापडते. होडी वापरात नसेल तेव्हा ती उन्हात ठेवायची नाही, पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड पाण्यात बुडवलं तर कुजणार नाही का, असा प्रश्न आपल्या मनात येतो. पण जुन्या माणसांचं बरोबर होतं, आणि विज्ञानही त्यांच्याच बाजूने आहे.

लाकूड कुजतं म्हणजे काय होतं? त्याला बुरशी लागते. ही बुरशी म्हणजे सजीवच, तिला जगायला तीन-चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, ओल आणि हवा. अन्न म्हणजे लाकूडच. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. राहिली ओल आणि हवा. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. म्हणून माजघरातला सागाचा खांब शंभर वर्षं टिकतो. लाकूड पूर्ण पाण्यात बुडालेलं असेल तर तिला हवा मिळत नाही. म्हणून विहिरीच्या तळाशी घातलेलं लाकडी कडं टिकतं. हॉलंडमध्ये पेस्से नावाच्या गावाजवळ १९५५ साली रस्त्याच्या कामात एक कोरीव होडी सापडली. म्हणजे आमच्या डोंग्याची पणजीच. तिचं वय सुमारे दहा हजार वर्षं निघालं. दलदलीत, पाण्याखाली, हवेपासून दूर राहिली, म्हणून वाचली. लाकडाला खरं मरण येतं ते मधल्या अवस्थेत: अर्धं ओलं, अर्धं कोरडं, थोडी हवा, थोडं पाणी, आणि सुकायला वाट नाही. कुंपणाचा खांब नेहमी जमिनीच्या पातळीलाच मोडतो, त्याचं कारण हेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण फायबर बोटीच्या पोटात नेमकी हीच अवस्था आपण आपल्या हाताने तयार करतो.

डोंग्यानंतरची पायरी फळ्यांच्या नावेची. फळ्या आल्या की सांधे आले आणि सांधे आले की दुरुस्ती आली. भाषेचा माणूस म्हणून मला या शब्दांची गंमत वाटते. ‘दुरुस्त’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ ठीक, धड, अखंड. सुकाणू अरबीतून आलं. कोकणातला नाखवा हा फारसीतला ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. मिस्त्री पोर्तुगिजांकडून आला. डोंगा आणि वल्हं मात्र आपलं घरचं. एका नावेत किती देशांची माणसं बसली आहेत ते यावरून दिसतं. नाव बांधण्याचं आणि नीट ठेवण्याचं शहाणपण कोणा एकाचं नाही. ते बंदरोबंदरी, घाटोघाटी फिरून जमा झालेलं आहे.

अरबी समुद्रावर तर खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेली जहाजं शतकानुशतकं चालली. २१ मे २०२५ रोजी कारवारला भारतीय नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज याच पद्धतीने शिवलेलं आहे. त्याचा आराखडा आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून घेतला. केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. शिवलेल्या जहाजाचा एक गुण असा की ते उसवता येतं. फळी खराब झाली की टाके सोडायचे, फळी बदलायची, पुन्हा शिवायचं. म्हणजे बांधतानाच दुरुस्तीची वाट ठेवलेली. लाकडी नावेचं सगळं जुनं तंत्र याच पायावर उभं होतं: वस्तू झिजणार, मोडणार, हे गृहीत धरायचं आणि हात पोचेल अशी जागा ठेवायची.

आता फायबरकडे येऊ. काचेचे बारीक तंतू कारखान्यात काढण्याचं तंत्र अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात बसलं. त्यातूनच १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. त्याच सुमारास पॉलिएस्टर रेझिन आलं. हे मधासारखं घट्ट द्रव्य असतं, आणि त्यात दुसरं एक रसायन थेंब मोजून घातलं की ते दगडासारखं आवळतं. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात रे ग्रीन नावाच्या गृहस्थाने १९४२ साली या दोहोंतून एक लहान होडी बनवली. दुसरं महायुद्ध संपलं आणि पुढच्या वीस वर्षांत श्रीमंत देशांतल्या हौशी बोटी लाकडाकडून फायबरकडे वळल्या. साचा एकदा केला की एकामागून एक सारख्या बोटी निघतात. सुतार नको, वाळलेलं लाकूड नको, वर्षभराची मेहनत नको.

याच्या थोडं आधी इंजिनही नावेच्या पाठीवर येऊन बसलं होतं. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एविनरूड यांची गोष्ट सांगतात. तळ्याकाठी सहलीला गेले असता त्यांच्या प्रियेला आईस्क्रीम हवं झालं. हे वल्हं मारत पलीकडे गेले, आईस्क्रीम घेऊन परत आले, तोवर ते वितळून गेलेलं. तेव्हाच त्यांनी ठरवलं की नावेला मागे टांगायचं इंजिन करायचं. गोष्ट थोडी मीठमसाला लावलेली असेल. पण १९०९ साली त्यांची इंजिनं बाजारात आली हे खरं. अशी इंजिनं याआधीही एकदोघांनी केली होती, पण घरोघर पोचली ती त्यांची.

या इंजिनाने नावेचा देह बदलला. इंजिन मागे टांगायचं तर मागची बाजू सपाट, उभी आणि जाड हवी. इंजिनाचं वजन तिच्यावर असतंच. शिवाय पंखा पाण्याला जो रेटा देतो, तो सगळा त्या फळीतूनच नावेत शिरतो. बोट पुढे जाते ती खरं तर त्या फळीला ढकलून. लाट आली की हाच भार वर-खाली हिसके देतो.

फायबर मजबूत आहे, पण लवचीक आहे. ओढून तुटत नाही, पण पातळ पत्र्यासारखं वाकतं. जाड थर द्यावा तर वजन आणि खर्च दोन्ही वाढतं. मग उपाय काय? आत लाकूड घालायचं. ट्रान्सममध्ये प्लायवूड, तळाशी दांडे, आणि वरून फायबरचं वेष्टन. म्हणजे लाकडाला निरोप देऊन जे नवं साहित्य आलं, त्याने आपला कणा म्हणून लाकूडच आत घेतलं आणि वरून झाकून टाकलं.

आपल्या देशात हे तंत्र मच्छीमारांपर्यंत नेण्याचं काम सरकारी संस्थांनी केलं. कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. लाकडी होड्यांना बाहेरून फायबरचं कवच द्यायचं, रबराच्या झाडाचं स्वस्त लाकूड औषध मुरवून त्याची होडी करायची, असे पुष्कळ प्रयोग तिथे झाले. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या बंगालच्या उपसागराच्या कार्यक्रमाने १९८० च्या दशकात पूर्व किनाऱ्यासाठी वाळूवर ओढता येतील अशा फायबरच्या नावा तयार केल्या. पुढे डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हजारो नावा फुटल्या आणि त्यांच्या जागी तामिळनाडूत मदतीतून आल्या त्या मोठ्या संख्येने फायबरच्याच. फायबरची नाव मग नवलाईची राहिली नाही.

आमच्याकडे पाण्याचंच रूप पालटलं. पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. तेहतीस दारांचं धरण, इंदिरासागर असं जलाशयाचं नाव. पाणी अडत गेलं, गावं उठली, आणि वाहती वैनगंगा मागे भंडाऱ्यापर्यंत जलाशयासारखी पसरली. पाच नद्यांच्या संगमावर वसलेलं आंभोरा तुम्हाला माहीत असेल. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ तिथे रचला असं आम्ही मानतो, अंबाजोगाईकरांचा दावा वेगळा आहे. तिथला मोठा पूल २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी आमच्या बाजूने देवदर्शनाला जायचं तर नावेचाच आधार होता. नदी उथळ आणि वाहती होती तेव्हा डोंगा तिला पुरत होता. तेच पाणी रुंद आणि खोल झालं, वाऱ्याने त्यावर लाटा उठू लागल्या, तेव्हा डोंगा अपुरा पडला. इंजिन हवं झालं. इंजिन आलं म्हणजे ट्रान्सम आला, आणि ट्रान्सम आला म्हणजे त्याच्यातलं लाकूडही आलं.

हे लाकूड कुजतं कसं? फायबरच्या कातडीला भोक पडलं की. आणि भोकं तर आपणच पाडतो. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, दिवा किंवा कडी बसवायचे स्क्रू. प्रत्येक भोकातून थेंब-थेंब पाणी लाकडापर्यंत जातं. एकदा गेलेलं पाणी बाहेर येत नाही, कारण चहूबाजूंनी कातडी आहे. मघाशी सांगितलेली ती मधली अवस्था इथे पुरी होते: ओल आहे, थोडी हवा आहे, ऊब भरपूर आहे आणि सुकायला वाट नाही. डोंग्याचा रोग डोळ्यांना दिसायचा. हा रोग दिसत नाही.

दिसत नसला तरी ऐकू येतो. दोनेक वर्षांपूर्वी नदीकाठी एका जुन्या फायबर बोटीची दुरुस्ती चालली होती, ती मी दोन दिवस बसून पाहिली. विकणाऱ्याने ‘वीस वर्षं हात लावायचं काम नाही’ असं सांगून दिलेली ती बोट. काम करणारे दोघे. एक म्हातारे वाढई, आयुष्यभर दारं-खिडक्या आणि बैलगाड्या केलेले. दुसरा गाड्यांचे बंपर आणि फायबरच्या टाक्या सांधणारा तरुण. त्याला रेझिन कळत होतं, म्हाताऱ्यांना लाकूड. वाढईबुवांनी लाकडी हातोडीने मागची भिंत वरपासून खालपर्यंत ठोकत आणली. वर टणटण आवाज येत होता. खाली, बुचाच्या भोकाजवळ, भद्द.

“पोट्ट्या, कान लाव. बोलून रायलं का हे?”

“नाही जी काका. मुकं झालं.”

मग आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडलं. चांगल्या लाकडाचा भुसा फिका आणि कोरडा येतो. इथे काळा, ओला चिखल आला आणि आंबट वास सुटला. आणखीही खुणा त्यांनी दाखवल्या. इंजिनाचं डोकं धरून खाली दाबलं तर भिंत लवते का पाहायचं. भिंतीच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा आहेत का, स्क्रूच्या भोकातून तांबूस पाणी झिरपतं का, बोट पूर्वीपेक्षा जड लागते का, तळावर चालताना पायाखाली दबते का. यातली एक जरी खूण दिसली तरी पोट उघडायला हवं.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे बोटीला नीट आधार देणं. आतले दांडे काढले की कातडी सैल पडते आणि आधार वाकडा असेल तर ती वाकडीच आवळते. मग बोट जन्मभर एका अंगाला ओढते. म्हणून दांडे सगळे एकदम काढायचे नाहीत. एक काढायचा, बदलायचा, मग दुसरा. ट्रान्समसाठी इंजिन उतरवून आतली कातडी कापायची. कडेला चार बोटं पट्टी ठेवायची, म्हणजे नवं काम तिला धरून बसतं. बाहेरची कातडी शाबूत ठेवायची. सडलेलं लाकूड पटाशीने आणि कधी नुसत्या हाताने निघतं. त्यातला जो धड तुकडा मिळेल तो फेकायचा नाही, कारण नव्या फळीचा नमुना तोच. मग जागा पूर्ण वाळू द्यायची. इथे घाई करणारा सगळं गमावतो. ओल्यावर लावलेलं रेझिन धरत नाही आणि ओल आत कोंडली की रोग पुन्हा सुरू.

जुन्या फायबरवर नवं फायबर आपोआप एकजीव होत नाही. ते नुसतं चिकटतं. म्हणून जुना पृष्ठभाग घासून खरबरीत आणि स्वच्छ करावा लागतो. ही काचेची धूळ असते, तोंडावर चांगला मास्क हवाच. नवी फळी आयएस ७१० खुणेच्या मरीन प्लायची घ्यायची, अठरा मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून. बसवण्याआधी तिच्या सर्व कडा रेझिनने माखायच्या, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेने. मग रेझिनमध्ये भुकटी मिसळून केलेली घट्ट लापशी मागच्या कातडीला फासायची, फळी दाबून बसवायची आणि शिकंज्यांनी आवळायची. मध्ये पोकळी राहिली तर तिथेच पाणी जमतं. कोपरे त्याच लापशीने गोल करायचे, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, उचलतं. त्यावर मॅट आणि विणलेलं कापड आलटून-पालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. दांड्यांचंही असंच. दांडा तळाला थेट टेकवायचा नाही. खाली लापशीचा किंवा फोमचा पातळ थर हवा, नाहीतर लाकडाची कड कातडीला बोचते आणि तिथूनच भेग जाते.

आता भोकं. हे काम छोटं आहे, पण सगळा जीव यात आहे. बोल्टसाठी हवं त्याहून मोठं भोक पाडायचं, ते रेझिनने पूर्ण भरायचं, आवळू द्यायचं आणि मग त्या रेझिनमधून बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टभोवती लाकूड येतच नाही, रेझिनची नळी येते. पहिल्या बांधणीत एवढं केलं असतं तर ही बोट इतक्यात उघडावी लागली नसती.

रसायनांचा एक इशारा आवर्जून सांगतो. पॉलिएस्टर रेझिन आवळायला जे हार्डनर लागतं, ते शेकडा एक ते दोन टक्के पुरतं. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कमीच घ्यायचं, नाहीतर डब्यातच दगड होतो. पावसाळ्यात हवा दमट असते, काम नीट बसत नाही. तेव्हा हिवाळा चांगला. काही ठिकाणी कोबाल्टचं द्रावणही वेगळ्या बाटलीत मिळतं. ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं आणि नंतर हार्डनर घालायचं. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा लावायचा. काम उघड्यावर करायचं, जवळ विडी नको.

एवढी खटपट करण्यापेक्षा नवी बोट का घेऊ नये? हिशेब असा आहे की कातडी धड असेल तर बोटीचा मोठा भाग शिल्लक आहे. शिवाय टाकायची कुठे? जुना डोंगा चुलीत जायचा, राख शेतात. फायबर जाळलं तर विषारी धूर होतो, पुरलं तर मातीत मिसळत नाही. ते नदीकाठी पडून राहतं. जी वस्तू मरत नाही तिची दुरुस्ती करणं मग भागच पडतं.

प्रश्न पैशापुरताही नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि वैनगंगा आमच्या गावांत शिरली. माणसं बोटींतून काढावी लागली. अशा वेळी बोट घाटावरून सुटली की ती धड आहे की नाही हे विचारायला वेळ नसतो. पुराची बोट वर्षातले अकरा महिने उभी असते, आणि उभी बोटच जास्त कुजते. तिच्यात पावसाचं पाणी साचतं, पानं कुजतात, बूच बसलेलंच राहतं. शेजारच्या गडचिरोलीत गणपूरजवळ २३ जानेवारी २०२४ रोजी याच वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांचा जीव गेला. त्या नावेतल्या लाकडाचा तिथे दोष होता असं मी म्हणत नाही. पण नावेत पाय ठेवणारा कोण असतो, हे त्यावरून कळावं. जिला पुलापर्यंतचा फेरा परवडत नाही, ती नावेत बसते. तिने ट्रान्सम हा शब्दही ऐकलेला नसतो. ती नावाड्याच्या भरवशावर बसते.

लाकडी नावेच्या काळात हा भरवसा दरवर्षी नवा केला जाई. पावसाळ्याआधी आपल्याकडे घरावरची कवेलू फेरतात, फुटकी काढून नवी घालतात. घर चांगलं आहे, मग कवेलू कशाला फेरायची, असं कोणी म्हणत नाही. नावेचंही तसंच होतं. फायबर आलं, ‘हात लावायचं काम नाही’ म्हणून आलं, आणि हात लावायची सवयच गेली. लाकूड मात्र गेलं नव्हतं, आत होतं.

काठावरच्या त्या दोघांकडे मला याचं उत्तर दिसलं. म्हाताऱ्यांच्या कानाला लाकूड ऐकू येत होतं, तरुणाच्या हाताला रेझिन. एकट्याने त्या दोघांपैकी कोणालाही ती बोट उभी करता आली नसती. प्रत्येक तालुक्यात असे वाढई अजून आहेत आणि असे फायबरवालेही आहेत, फक्त त्यांची गाठ पडत नाही. मच्छीमार संस्थांनी, ग्रामपंचायतींनी, ज्यांच्या आवारात पुरासाठी बोट ठेवलेली आहे त्या कचेऱ्यांनी ती गाठ घालून द्यावी. मृग लागण्याआधी एक दिवस ठरवावा. बोट पालथी करावी, बूच काढावं, इंजिन उतरवावं, आणि लाकडी हातोडीने मागची भिंत आणि तळाचे दांडे वरपासून खालपर्यंत ठोकून पाहावेत. अर्ध्या तासाचं काम आहे. जिथे आवाज भद्द येईल तिथे खडूने फुली मारावी, आणि ती फुली पुसेपर्यंत त्या बोटीत माणूस बसवू नये.